मायक्रोवेव्हची भीती नेमकी कशाची धरायची?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीत परभणीला नात्यातल्या एका घरी गेले होते. ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह दिसला. त्यावर क्रोशाचं विणलेलं झाकण आणि झाकणावर फुलदाणी. उघडून पाहिलं तर आत बिस्किटांचे पुडे आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा. लेकानं पुण्याहून हौसेनं आणून दिलेला, पण वापर शून्य. वहिनी म्हणाल्या, "त्याच्यात किरणं असतात म्हणे. लेकराबाळांच्या घरात कामून जोखीम घ्यायची? कपाट म्हणून बरा आहे."

मी मागे वाकून पाहिलं. पिन सॉकेटमध्ये होती आणि बटण चालू होतं. घरातलं पाच वर्षांचं लेकरू येता-जाता त्याचं गोल बटण फिरवायला धावायचं. आत स्टीलचा डबा आणि चकचकीत वेष्टनातले पुडे असताना ते बटण दोन मिनिटांवर गेलं असतं तर आत ठिणग्या उडाल्या असत्या, कागद पेटला असता. ज्या किरणांची भीती होती त्यांनी त्या घराचं काहीच बिघडवलं नव्हतं. खरा धोका बिस्किटांच्या पुड्याशेजारी बसलेला होता, आणि तो कुणाच्या ध्यानात नव्हता.

मी अनेक वर्षं गृहविज्ञान शिकवलं. मायक्रोवेव्हची भीती मला घरोघरी भेटते आणि जवळपास दर वेळी ती भलत्याच जागी असते. म्हणून आज तुमच्याशी बोलायला आले आहे.

आधी त्या किरणांचं बघू. आत्ता माझा आवाज तुमच्या घरात पोचवणाऱ्या रेडिओच्या लहरी आणि मायक्रोवेव्हच्या लहरी एकाच कुळातल्या. एफएमच्या लहरी साधारण १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतात, ओव्हनमधल्या २४५० मेगाहर्ट्झच्या. एक्स-रे अणूतले इलेक्ट्रॉन उखडून टाकू शकतो, तेवढं बळ या लहरींत नसतं. त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना गरागरा हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरत. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर हे अशा नळीजवळ काम करत असताना त्यांच्या खिशातला गोड पदार्थ वितळला, आणि तिथून या ओव्हनचा जन्म झाला. १९४७ साली बाजारात आलेला पहिला ओव्हन पुरुषभर उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. आज आपल्या ओट्यावर जी पेटी आहे, तिच्या पोटात तशीच नळी आहे.

दार उघडलं की लहरी त्याच क्षणी थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तशा त्या अन्नातही साठून राहत नाहीत. दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी असते. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर आणि भोक जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे लहर बाहेर पडत नाही. मात्र हे सगळं दार धड असेल तर. दार वाकलं असेल, बिजागरी ढिली झाली असेल, काच तडकली असेल किंवा कडेला तेलकट थर नि भाकरीचा चुरा साचून दार नीट मिटत नसेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत ओव्हन लावू नका. कड रोज ओल्या फडक्यानं पुसायची, एवढंच.

आता ज्याला खरं भ्यायला हवं त्याकडे येते. ते म्हणजे पाणी. साधं, स्वच्छ, पिण्याचं पाणी.

माझ्या जाऊबाईंनी एकदा सकाळी घाईत काचेच्या गुळगुळीत पेल्यात पाणी ठेवलं आणि तीन मिनिटं लावली. बाहेर काढलं तेव्हा पाणी अगदी शांत होतं, बुडबुडा नाही की काही नाही. नीट तापलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा एक मिनिट ठेवलं. मग पेला हातात घेऊन चहाची पूड टाकली आणि पाणी उसळलं. कारंजं उडावं तसं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. तोंड थोडं बाजूला होतं म्हणून डोळे वाचले.

असं का झालं? चुलीवर पातेल्याचा तळ सगळ्यात जास्त तापतो, तिथं बुडबुडे धरतात आणि पाणी खळखळून उकळतं. ओव्हनमध्ये भांडं तेवढं तापत नाही, थेट पाणीच तापतं. पेला गुळगुळीत असेल तर बुडबुडा धरायला जागाच मिळत नाही. मग पाणी १०० अंशांच्या वर जातं तरी उकळत नाही, दबा धरून बसतं. चमचा, साखर, चहापूड, काहीही आत पडलं की एका दमात फुटतं. एकदा उकळून निवलेलं पाणी पुन्हा तापवलं तर हा धोका आणखी वाढतो, कारण त्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते. म्हणून पाणी तापवायचंच असेल तर आत लाकडी चमचा किंवा आईस्क्रीमची काडी उभी ठेवा, वेळ कमी लावा, आणि ओव्हन थांबल्यावर मिनिटभर पेल्याला हात लावू नका. चेहरा भांड्यावर नेऊ नका. खरं सांगायचं तर चहाचं पाणी गॅसवरच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कुणी भाजलंच, तर त्यावर हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नका. बर्फही नको. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. भाजलेल्या जागेवर साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटं धरा. आपल्या भागात मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, हे मला माहीत आहे. तेव्हा हंड्यातलं पाणी घ्या, तांब्यानं धार धरा, खाली स्वच्छ परात ठेवा आणि तेच पाणी पुन्हा घ्या. मग दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट तान्ह्या लेकराच्या दुधाची. ही ऐकताना हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा. बाटलीत दूध भरून मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. बाहेरून बाटली कोमट लागते आणि आत मधेच दुधाचा एखादा पट्टा चटका बसेल इतका तापलेला असतो. तो लेकराच्या टाळूला नि घशाला भाजतो, आणि त्या जिवाला सांगता येत नाही. आईचं काढून ठेवलेलं दूध असेल तर जादा तापल्यानं त्यातले रोगापासून राखणारे घटकही कमी होतात. एका वाडग्यात गरम पाणी घ्या, त्यात बाटली ठेवा, हलवा, मनगटावर थेंब टाकून बघा. चार-पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

ही असमान उष्णता मोठ्यांच्या ताटातही येते. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात, पुढची उष्णता हळूहळू सरकत जाते. म्हणून वाडगाभर भाजीच्या कडा वाफाळतात आणि मध्य गारच राहतो. मधेच थांबून हलवायचं, झाकण थोडं उघडं ठेवायचं, आणि ओव्हन थांबल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं. झाकण काढताना तुमच्याकडची कड शेवटी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही.

पुरणपोळीचं उलट असतं. वरची पोळी कोरडी, हाताला कोमट लागते, पण आतलं पुरण गुळामुळे नि ओलाव्यामुळे निखाऱ्यासारखं तापलेलं असतं. नागपंचमीच्या दिंडांचं तेच. लेकरांना देताना मोडून, फुंकून द्या. अंडं कवचासकट कधीच ठेवू नका, उकडून सोललेलं अख्खं अंडंसुद्धा नको. आत वाफ कोंडते आणि ते फुटतं, कधी कधी बाहेर काढून घास घेताना फुटतं. भरताचं वांगं, बटाटा, रताळं ठेवण्याआधी काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा. भाकरी नुसती ठेवली तर चामड्यासारखी होते. ओलसर सुती फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद पुरे.

शेंगदाणे मात्र यात छान भाजतात, पण ते बाहेरून पांढरे दिसत असताना आतून करपतात. एक वाटी घ्या, एकेक मिनिटानं काढून हलवा आणि थोडे कच्चे वाटत असतानाच थांबा, निवताना ते पुरते भाजले जातात. येसराच्या मसाल्यासाठी वाळल्या मिरच्या मात्र यात भाजू नका. कोरडी मिरची पेटायला वेळ लागत नाही आणि तो खाट साऱ्या घराला खोकायला लावतो. तळणही यात नाही.

भांड्यांबद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात नव्वद टक्के भांडी धातूची. स्टीलची वाटी, जर्मनचं पातेलं, पितळी डबा, चांदीचा पेला, यातलं काहीच चालत नाही. लहरी धातूवरून परततात, कडांवर ठिणग्या उडतात. सोनेरी काठाची कपबशी धातू वाटत नाही, पण तो काठ धातूचाच असतो. जाड काच, साधी चिनीमाती आणि मायक्रोवेव्हसाठी म्हणून विकलेली भांडी वापरा. काठ नसलेल्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं ठेवा, शेजारी पेलाभर पाणी ठेवा आणि एक मिनिट लावा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर चालेल. भांडंच तापलं तर नको.

श्रीखंडाचे डबे आपण वर्षानुवर्षं जपतो. मीही जपते, डाळी भरायला उत्तम. पण थंड श्रीखंडासाठी केलेला डबा गरम आमटी तापवायला नाही. न फुटणाऱ्या मेलामाइनच्या ताटल्या, वर्तमानपत्राचा कागद, कॅरीबॅग, हे सगळं बाहेरच. आणि कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेनंही भाजणारा ओव्हन असेल तर केक भाजून झाल्यावर त्याच गरम पोटात प्लॅस्टिकचा डबा ठेवू नका, मायक्रोवेव्ह न लावतासुद्धा तो वितळेल.

आता शिळ्या अन्नाचं. पुष्कळांना वाटतं, एकदा कडक तापवलं की सगळे जंतू मेले. परभणी-नांदेडचा मे महिना आठवा, पारा ४२-४३ अंशांवर आणि त्यात भारनियमन. रात्रीचा भात ओट्यावर उघडा राहिला, किंवा फ्रिज सहा तास बंद होता. भातात काही जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात, उबेत वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्यानं जात नाही. सकाळी वास चांगला येत असला तरी तो भात मायक्रोवेव्हनं निर्धोक होत नाही. उरलेला भात पसरून लवकर निववा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफा येईस्तोवर तापवा, एकदाच. अन्न टाकायला जीव होत नाही, दुष्काळ पाहिलेल्या माणसांचा तर मुळीच नाही. म्हणून कमी शिजवा, एवढंच म्हणेन.

विजेचं थोडक्यात, पण लक्ष देऊन ऐका. २० लिटरचा साधा ओव्हनसुद्धा हजार-बाराशे वॅट वीज ओढतो, कन्व्हेक्शनचा त्याहून जास्त. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, मोबाइल चार्जरच्या जोडणीवर तो लावू नका. तिसरी पिन तोडू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की त्याच दोन मिनिटांत भाजी कोमटच राहते, तेव्हा घड्याळावर नाही, वाफेवर विश्वास ठेवा. मागे नि बाजूला हवा खेळायला जागा सोडा. क्रोशाचं झाकण सुंदर असतं, पण चालू ओव्हनवर नको.

आत काही पेटलं तर दार उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. सॉकेटचं बटण बंद करा, पिन काढा, दार बंदच ठेवा. आग आत कोंडून विझते. आणि बिघडलेला ओव्हन घरी कधीही उघडू नका. आतला कपॅसिटर हजारो व्होल्टचा भार धरून ठेवतो, पिन काढल्यावरसुद्धा. टीव्ही-पंखे दुरुस्त करणाऱ्या पोराला "बघ रे जरा" म्हणून तो खोलायला लावू नका. त्याचा जीव जाऊ शकतो.

आमच्या घरी सासूबाईंचं वय ७८. ओव्हनवरची अक्षरं इंग्रजी, त्यांना वाचता येत नाहीत. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहून दारावर लावल्या: स्टील नाही. बाळाचं दूध नाही. पाण्यात लाकडी चमचा. त्यांनी वाचल्या आणि म्हणाल्या, "अजून एक लिही गं माय. आत काही नसताना लावलं तर मशीन जळतं म्हणालीस ना? आणि कुणी डबा ठेवून विसरलं तर?" मग त्यांच्या सांगण्यावरून चौथी पट्टी लागली, सगळ्यात वर: आधी आत बघा.

पुढच्या खेपेला परभणीच्या वहिनींकडे जाताना अशाच चार पट्ट्या लिहून नेणार आहे. नमस्कार.