आधी खरा माल, मग जुळवणी

विषय आहे घरी बनवलेल्या अँप्लिफायरसाठी ट्रान्झिस्टर मिळवणं आणि जुळवणं, म्हणजे एकसारखे वागणारे नग निवडून एकत्र लावणं. जुळवणीची आकृती मागे फळ्यावर काढून ठेवली आहे, तिच्याकडे येतोच. पण आपल्या भागात खरं दुखणं मिळवण्याचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

गेल्या लग्नसराईत अमळनेरकडचे एक मंडपवाले माझ्याकडे आले. टेम्पोतून अँप्लिफायरचं मशीन उतरवतानाच म्हणाले, "भाऊ, मशीन परत उडी गयं." आत २एससी५२०० आणि २एसए१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरच्या जोड्या होत्या. त्याच हंगामात त्या आधीही बदलून झाल्या होत्या, दरवेळी ओरिजिनल म्हणून, पक्क्या बिलावर. वरात ऐन रंगात असताना आवाज गेला, आणि वरपक्षाने ठरलेले पैसे कापले. त्यांच्याकडे न वापरलेला एक नग शिल्लक होता. तो मी वाइसमध्ये धरून फोडला. शेजारी माझ्याकडच्या जुन्या, जळालेल्या बोर्डावरचा खात्रीचा नग फोडून ठेवला. बाहेरून दोन्हींवर तेच नाव, तोच नंबर. आत खऱ्या नगात पट्टीवर चांगली मोठी सिलिकॉनची चकती, आणि दुसऱ्यात शोधावी लागेल एवढी चिप. हा नंबर २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॉटचा आहे. एवढं सगळं त्या चिमुकल्या चिपने पेलायचं कसं? ते मंडपवाले बराच वेळ नुसते बघत राहिले. दुकानाचं नाव मी इथे घेणार नाही. पण हंगामावर ज्याचं वर्ष चालतं त्याच्या हातात असला माल देणं ही फसवणूक आहे, आणि याचा मला आजही राग येतो.

२एन३०५५ हे जुने पॉवर ट्रान्झिस्टर ज्यांच्या डब्यात अजून आहेत, त्यांनी हात वर करा. बघा, मागच्या रांगेत तर दोन-दोन हात! ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॉट. आपल्यातल्या अनेकांचा पहिला अँप्लिफायर यावरच वाजला. ओघात एक सांगून टाकतो. १९६०च्या दशकात आरसीए या अमेरिकी कंपनीने आणलेला मूळ २एन३०५५ मंद होता, पण दणकट होता. पुढे नंबर तोच राहिला आणि आतली बनावट बदलली, नवे नग वेगवान झाले. जुन्या सर्किटमध्ये नवा नग टाकला आणि अँप्लिफायर विनाकारण तापायला लागला, तर ते ऑसिलेशन, म्हणजे सर्किटचं आपोआप थरथरणं, असू शकतं. तिथे नग खोटा असेलच असं नाही.

खोटा ओळखायचा कसा? छपाई थिनरने पुसून बघतात, पण आता छपाईही चांगली करतात. माझा भरवसा कपॅसिटन्स मीटरवर आहे. खात्रीचा एक नग जवळ ठेवा आणि बेस आणि कलेक्टर या दोन पायांमधला आकडा ताडून बघा. चिप लहान असली की आकडा ठळकपणे कमी येतो, काहीही फोडावं लागत नाही.

आता माझा मूळ मुद्दा. चोपड्यातला किंवा पाचोऱ्यातला एकटा माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन चार नग आणतो. चारातून जुळवणार काय? जुळवायला निवड लागते, आणि निवडीला संख्या लागते. एलिमेंट१४, माऊसर अशा अधिकृत वितरकांकडे माल खरा मिळतो, पण चार नगांसाठी पाठवणीचा खर्च परवडत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव मिळून एकाच लॉटच्या, नग भरून येतात त्या अख्ख्या नळ्या मागवल्या, एका टेबलावर बसून मोजल्या आणि संच करून वाटल्या, तर प्रत्येकाला जुळलेला खरा माल मिळेल. हे आपण याच वर्षी करावं, असं मला मनापासून वाटतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा जुळवणी भरभर सांगतो.

समांतर लावलेले ट्रान्झिस्टर म्हणजे एका जुवाखालची बैलजोडी. फरक एवढाच की बैल थकला की मागे पडतो, आणि ट्रान्झिस्टर तापला की आणखी जोराने ओढतो. तापमान एक अंश वाढलं की बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्ट उतरतं. दोन नगांत १८ मिलिव्होल्टचा फरक असेल, तर एमिटरच्या पायाला रेझिस्टर नसताना एक दुसऱ्याच्या दुप्पट करंट घेतो. ०.२२ ओहमचा रेझिस्टर मोठ्या आवाजाला हा फरक जवळजवळ झाकतो. बायसच्या, म्हणजे आवाज नसतानाही वाहणाऱ्या, १०० मिलिअँपिअरला मात्र तो जेमतेम निम्मा भरून काढतो. म्हणून जुळवणी त्याच करंटवर करा.

फळ्यावर बघा: बेस आणि कलेक्टर जोडलेले, १२ व्होल्ट, मध्ये १०० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर. बेस-एमिटर व्होल्टेज मोजा. सगळे नग एकाच हीटसिंकवर ठेवा, पंखा बंद करा, बोटं लावू नका, आकडा स्थिर होऊ द्या. ५ मिलिव्होल्टच्या आतले एका गटात घ्या. मल्टिमीटरच्या एचएफई (करंट किती पट वाढतो तो आकडा) सॉकेटवर पॉवर ट्रान्झिस्टर मोजू नका, तिथला करंट फारच थोडा असतो. एनपीएन आणि पीएनपी ही ट्रान्झिस्टरची उलट ध्रुवांची दोन रूपं, त्यांना एकमेकांशी जुळवायच्या मागे लागू नका. एनपीएन आपसात, पीएनपी आपसात. इनपुटच्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या जोडीत मात्र एचएफईही बघा. बीसी५४७बी या एकाच गटात तो २०० ते ४५० असू शकतो.

शेवटचं, आपल्या उन्हाचं. डिसेंबरच्या रात्री १२ अंशांना लावलेला बायस मेमध्ये ४५ अंशांना, दर जंक्शनमागे ६६ मिलिव्होल्ट सरकलेला असतो. बायस सांभाळणारा ट्रान्झिस्टर, बीडी१३९, हीटसिंकवरच स्क्रूने आवळा, आणि अंतिम बायस अँप्लिफायर तापल्यावर लावा.

एकत्र मागणीसाठी चहाच्या वेळी माझ्याकडे वही असेल. गाव, नंबर आणि किती नग हवेत, एवढं लिहून द्या. पैसे माल मोजून झाल्यावर.