जुन्या गाडीची मोटरवाली एरियल

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओ लावला की मागच्या फेंडरमधून सरसर वर येणारी आणि बंद केला की आपली आपण आत जाणारी चकचकीत दांडी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. फिअट आणि अॅम्बॅसॅडरच्या काळात एरियल हाताने ओढायची. मोटरवाली एरियल आपल्याकडे दिसायची ती बाहेरून आलेल्या गाड्यांवर. १९९५ साली पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. तिथून पहिली बाहेर पडली ती ई २२०, म्हणजे जाणकार जिला डब्ल्यू १२४ म्हणतात ती गाडी. त्या पिढीच्या कितीतरी गाड्यांना अशी एरियल असायची. यातल्या बऱ्याच गाड्या आजही लोकांनी जिवापाड सांभाळल्या आहेत. इंजिन सुरेख, सीटचं कातडं जपलेलं, आणि एरियल मात्र अर्ध्यात अडकलेली, नाहीतर कायमची आत बसलेली.

गॅरेजमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. "साहेब, हे आता मिळत नाही. काढून टाकू, शार्क फिन लावून देतो." शार्क फिन म्हणजे माशाच्या परासारखी दिसणारी छोटी, न हलणारी एरियल. ते लगेच ऐकू नका, हे सांगायला आज मी तुमच्यापुढे आहे. कारण बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. तुटलेली असते ती आतली नायलॉनची दोरी.

ही रचना एकदा समजून घ्या. दांडी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. सगळ्यात वरच्या, सगळ्यात बारीक नळीच्या तळाला पांढऱ्या नायलॉनची एक जाड दोरी जोडलेली असते. दोरीच्या एका बाजूला पँटच्या चेनच्या पट्टीला असतात तसे दाते. हे दाते मोटरच्या गिअरमध्ये अडकतात. मोटर एका दिशेने फिरली की दोरी नळीत वर ढकलली जाते आणि दांडी उभी राहते. उलटी फिरली की दोरी खाली ओढली जाऊन आतल्या गोल डबीत गुंडाळली जाते. दोन्ही टोकांना दांडी पोचली की जुन्या पद्धतीच्या एरियलमध्ये क्लच घसरतो आणि मोटरला इजा होत नाही. आपण टकटक ऐकतो ती त्या क्लचची.

आता बिघाड ओळखायचा तो कानाने. डिकी उघडा, इंजिन बंद ठेवा, चावी फिरवा आणि दुसऱ्या कुणाला तरी रेडिओ लावायला सांगा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दांडी हलत नाही, तर दोरी तुटली आहे किंवा तिचे दाते झिजलेत. दांडी निम्म्यापर्यंत येऊन कण्हत थांबते, तर ती वाकली आहे किंवा नळ्यांमध्ये कचरा बसला आहे. काहीच आवाज नाही, तर भानगड विजेची आहे. आणि दांडी पूर्ण वर येऊनही रेडिओ नुसता खरखरतो, तेव्हा मोटरकडे बघूच नका, केबल आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली विजेची जोडणी, तपासा.

आधी विजेचं बघू, कारण तिथे लोक उगाच घाबरतात. मोटरकडे मुख्यतः तीन तारा येतात. एकीत बॅटरीचा १२ व्होल्ट कायम असतो. दुसरीत रेडिओ चालू केल्यावरच १२ व्होल्ट येतो. तो नुसता इशारा असतो, वर जा म्हणून. तिसरी अर्थ. साधा मल्टिमीटर घेतला तर पाच मिनिटांत कळतं की फ्यूज गेला आहे, रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) गेला आहे की इशाराच येत नाही. तुमच्या गाडीत पुढे कधीतरी नवा डेक बसवला असेल, तर संशय आधी तिथेच घ्या. नव्या डेकच्या मागे एक निळी तार असते, ती एरियलसाठी. दुसरी निळी-पांढरी, ती अॅम्प्लिफायरसाठी. बऱ्याच डेकमध्ये निळीत करंट येतो तो फक्त रेडिओ ऐकताना. निळी-पांढरीत येतो तो डेक चालू असेतोवर. म्हणून चुकीच्या तारेला जोडणी केली की पेनड्राइव्हवर गाणी ऐकतानाही दांडी बाहेर उभी. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. या दोन्ही तारा फक्त इशाऱ्यापुरत्या असतात. मोटर कित्येक अँपिअर खेचते. तो भार रिलेवरच पडला पाहिजे. निळी तार थेट मोटरला जोडली की नवाकोरा डेक जळतो.

तारांचं काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. मात्र त्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे का ते पाहा. त्या काळातल्या अनेक रेडिओंना बॅटरी काढून लावल्यावर कोड द्यावा लागतो. तो नसेल तर एरियल दुरुस्त होईल आणि रेडिओ मुका राहील.

आता मूळ काम, दांडी आणि दोरी बदलण्याचं. बाजारात पुष्कळ मॉडेलसाठी नुसती दांडी मिळते, खाली दोरी जोडलेली. पूर्ण एरियल घ्यायची गरज नसते. जुनी दांडी नमुना म्हणून सोबत न्या. लांबी, वरच्या नटाचा आटा आणि दोरीच्या दात्यांमधलं अंतर, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दाते थोडे जरी मोठे-लहान असले तरी गिअर दोरीला सोलून काढतो.

काम दोघांचं आहे. एक जण रेडिओपाशी, एक एरियलपाशी. दांडीच्या बुडाशी, फेंडरवर, खाचांचा एक गोल नट असतो, तो सोडवा. खाली रंगावर जाड कापड किंवा चिकटपट्टी लावून घ्या, पक्कड निसटली तर ओरखडा कायमचा. मग जोडीदाराने रेडिओ लावायचा. मोटर दोरीला वर ढकलते, दांडी आणि तिच्यामागे दोरी बाहेर येते, ती हळूच ओढून काढा. त्या वेळी दांडीवर वाकून उभे राहू नका, ती डोळ्याच्या उंचीवर जोरात येते.

बाहेर आलेली दोरी नीट बघा. टोकाशी ती अखंड असेल तर ठीक. तुकडा पडलेला असेल, तर उरलेला भाग आतल्या डबीत आहे आणि तो काढल्याशिवाय नवी दोरी घालण्यात अर्थ नाही. मग डिकीतलं अस्तर बाजूला करून एरियल खाली उतरवायची आणि डबीचं झाकण खोलायचं. आत सहसा सापडतो तो पिवळा पडलेला, ठिसूळ झालेला नायलॉन आणि वर्षानुवर्षांचं काळं घट्ट ग्रीस. तुकडे चिमट्याने वेचा, ग्रीस पुसून घ्या, गिअरला थोडंसं ताजं लिथियम ग्रीस लावा. गिअरचे प्लॅस्टिकचे दाते शाबूत आहेत ना, ते याच वेळी उजेडात धरून पाहा.

नवी दोरी घालताना दाते गिअरच्या बाजूला आले पाहिजेत. साधारण वीतभर दोरी आत गेली की ती कशाला तरी टेकल्यासारखी वाटते. तिथे थांबा. ती हलक्या हाताने धरून ठेवा आणि जोडीदाराला रेडिओ बंद करायला सांगा. मोटर आता खाली ओढायच्या दिशेने फिरते. दाते गिअरला लागले की हाताला बारीक झटका जाणवतो आणि दोरी आत खेचली जाऊ लागते. नाही पकडली, तर रेडिओ पुन्हा लावून पुन्हा बंद करायचा, कारण मोटर काही सेकंदच फिरते. घाई करू नका, दोरी जोराने ढकलू नका. ती आत गेली की दांडी सरळ धरून नळीत बसवा, नट आवळा आणि दोन-चारदा वर-खाली करून बघा. पहिल्यांदा ती थोडी बाहेर राहिली तरी घाबरायचं कारण नाही, पुढच्या फेऱ्यांत बसते.

दांडीला ग्रीस कधीही लावू नका. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय, कारण चांगल्या हेतूने सर्वात जास्त नुकसान याच एका गोष्टीने होतं. ग्रीसवर धूळ बसते, ती धूळ नळ्यांच्या आत जाते आणि अडकलेल्या दांडीला ढकलता ढकलता दोरी तुटते. कोरड्या सुती कापडाने दांडी पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंबभर हात फिरवा आणि तेही पुसून टाका.

आता रेडिओ खरखरतो त्याबद्दल. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी ३ मीटर असते आणि तिच्या चौथ्या भागाची, म्हणजे ७५ सेंटिमीटरची दांडी एफएमला छान लागते. म्हणून अर्ध्यात अडकलेल्या दांडीवरही शहरात एफएम चालून जातं. मीडियम वेव्हचं तसं नाही. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लावलं तर तिची तरंगलांबी होते सुमारे ३७९ मीटर. त्यापुढे आपली दांडी केवढीशी! तिच्या हाती येणारा संदेश मुळातच अगदी क्षीण असतो. म्हणून दांडीचा प्रत्येक सेंटिमीटर कामाचा, आणि म्हणूनच शार्क फिनवर मी नाराज आहे. एफएम ती कसंबसं भागवते, मीडियम वेव्हची मात्र दुर्दशा करते. डोंगराआड एफएम तुटतं तिथे मीडियम वेव्ह तुमच्याबरोबर राहते. घाटातून प्रवास करणाऱ्याला तिचं मोल वेगळं सांगायला नको.

त्या क्षीण संदेशाचे दोन शत्रू. एक, खराब अर्थ. फेंडरच्या खालच्या बाजूला एरियलचा दातेरी वॉशर पत्र्याला चावून बसलेला असतो. तिथे गंज चढला की अर्थ तुटतो, आणि अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधला कुईंकुईं आवाज चढत जातो. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, नट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या. दुसरा शत्रू, चुकीची केबल. गाडीच्या एरियलची केबल दिसायला टीव्हीच्या केबलसारखी, पण आतून वेगळी असते. तिची आतली तार केसासारखी बारीक आणि भोवती बरीचशी हवा असते, कारण केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवायची क्षमता, कमी ठेवायची असते. तुटलेल्या जागी टीव्हीची केबल जोडली की मीडियम वेव्हचा मोठा भाग केबलच गिळते. ती तपासायची असेल तर रेडिओमागचा प्लग काढा. मधली पिन आणि दांडी यांच्यात मल्टिमीटरने जोड दाखवली पाहिजे, मधली पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात मुळीच नाही.

मोटर खरंच जळली असेल, गिअर फुटला असेल आणि तो मिळत नसेल, तर पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. मोडीत निघालेल्या गाडीची एरियल मिळण्याचा संभव असतो, आणि दोन बिघडलेल्यांतून एक चांगली तयार होते. सगळ्या गाड्यांना चालणारी नवी मोटरवाली एरियल घेणार असाल, तर आधी फेंडरखालची खोली मोजा. तिचा खालचा भाग लांब असतो आणि ऐन वेळी चाकाच्या पत्र्याला आदळतो. तेही जमलं नाही, तर त्याच भोकात बसणारी साधी न हलणारी दांडी लावा. नवं भोक मात्र पाडू नका.

शेवटचं काम पावसाळ्याआधीचं. बऱ्याच एरियलच्या बुडाशी पाणी जायला एक रबरी नळी असते, फेंडरच्या खाली उतरणारी. दांडीवरून ओघळलेलं पाणी तिथून निघून जातं. नळी मातीने तुंबली की पाणी मोटरमध्ये शिरतं, आणि जूनमध्ये चालणारी मोटर ऑगस्टमध्ये बसते. मे महिन्यात गाडी धुवाल तेव्हा रेडिओ बंद ठेवून दांडीच्या बुडाशी पेलाभर पाणी ओता. ते गाडीखाली टपकलं तर नळी मोकळी आहे. नाही टपकलं तर डिकीत हात घालून ती नळी सोडवा आणि फुंकून साफ करा.

नमस्कार.