भीती कुणाच्या डोक्यातली?

श्रोतेहो, नमस्कार.

मनाचा तोल गेलेल्या माणसावरचा भयपट संपला, दिवे लागले, की प्रेक्षकांचं बोलणं कान देऊन ऐकावं. एक जण जांभई देत म्हणतो, "दोन तास झाले, घडलं काय?" आणि त्याच्याच शेजारी बसलेली त्याची बायको म्हणते, "आज रात्री पॅसेजमधला दिवा चालू राहू दे हं." पडदा एकच, तिकीट एकाच रांगेतलं. आणि माझ्या मते दोघंही खरं बोलत असतात.

भुताच्या सिनेमात भूत बाहेर असतं. दार लावलं की आपण सुटलो. इथे ज्या डोळ्यांनी आपण बघतोय, त्यांचाच भरवसा नसतो. त्या डोक्यात शिरायची ज्याची तयारी असते तो घाबरतो. "आता कोण येणार?" म्हणत जो दाराकडे नजर लावून बसतो, तो कंटाळतो, कारण दारातून बहुतेक वेळा कुणीच येत नाही.

१९६५ सालचा 'रिपल्शन' घ्या. रोमन पोलान्स्कीचा. बहीण सहलीला गेलेली, आणि लंडनमधल्या फ्लॅटमध्ये एकटी राहिलेली एक अबोल मुलगी. कॅथरीन दनवनं ती भूमिका केली. शिजवायला आणलेला, सोललेला ससा ताटात तसाच पडून राहतो. दिवस जातात, त्यावर माश्या घोंघावायला लागतात. बटाट्यांना कोंब फुटतात. कुणी ओरडत नाही, कुणी सांगत नाही की हिचं काहीतरी बिघडलंय. ते बटाटेच सांगतात. मग भिंतीला तडे जातात, आणि पुढे भिंतीतून हात बाहेर येतात. कुणाला हे हात फार झाले असं वाटतं. मला विचाराल तर हातांपेक्षा बटाटे जास्त भीतिदायक आहेत.

आणि हो, तो पाहताना मी एकदा आवाज बंद करून पाहिला. भीती निम्म्यावर आली! घड्याळाची टिकटिक आणि माश्यांची घूंघूं गेली, आणि उरली ती नुसती एक उदास मुलगी. रेडिओवर बोलतोय म्हणून कानाची बाजू घेतोय असं समजू नका. घरी करून बघा.

प्रेक्षक काय अपेक्षेनं येतो, यावरही फार अवलंबून असतं. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी सुरुवातीच्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांकडूनच चित्रपटाला श्रेणी घेते. २०१८ साली 'हेरेडिटरी' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि या प्रेक्षकांनी त्याला दिली 'डी प्लस', म्हणजे जवळजवळ तळाची श्रेणी. लोक दचकायला आले होते. त्यांना बराच वेळ बसावं लागलं एका घरातल्या सुतकात. चिडणारच! त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

मतं बदलतातही. १९८० च्या 'द शायनिंग'साठी स्टॅन्ली कुब्रिकला सर्वांत वाईट दिग्दर्शकाचं रॅझी नामांकन मिळालं होतं. रॅझी म्हणजे वाईट सिनेमांना दिले जाणारे थट्टेचे पुरस्कार. आज त्याच सिनेमाची चौकट न् चौकट तपासली जाते. टाइपरायटरपुढे बसलेल्या नायकाच्या मागची खुर्ची एका शॉटमध्ये दिसते, पुढच्यात गायब, मग पुन्हा हजर. चूक, की आपल्याही डोक्यात गोंधळ घालायचा डाव? कुब्रिक एकेक शॉट पुन्हापुन्हा घेणारा, तो खुर्ची विसरेल का, असा युक्तिवाद होतो. मला ती साधी चूक वाटते. पण मानसिक भयपटाची ही मोठी सोयच आहे बघा, चूकसुद्धा खपून जाते.

एक आक्षेप मात्र असा खपवून चालणार नाही. २०१६ च्या 'स्प्लिट'मध्ये अनेक व्यक्तिमत्त्वं असलेला माणूस मुलींना पळवून नेतो. मानसिक आजार असलेल्यांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी विचारलं, दर वेळी आजारी माणूस म्हणजे खुनीच का? त्यांचा राग रास्त आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. स्किझोफ्रेनिया हा खरं तर भास-भ्रम होण्याचा आजार, पण तो म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, हा घोळही अजून मिटलेला नाही, आणि तो टिकवण्यात पडद्याचा हातभार आहेच. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको' या भयपटाच्या शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ येऊन खुन्याच्या मनात काय चाललं होतं ते सगळं उलगडून सांगतो. कित्येकांना ते भाषण नकोसं वाटतं, मलाही. इतका वेळ जपलेलं कोडं तो असं सोडवतो, की जणू शेवटच्या पानावरचं उत्तर वाचून दाखवतोय.

'रिपल्शन' असं उत्तर देत नाही. शेवटी कॅमेरा घरभर पसरलेल्या वस्तूंवरून सरकत एका जुन्या कौटुंबिक फोटोपाशी थांबतो. त्यात तीच मुलगी लहानपणची आहे, आणि तिची नजर भलतीकडेच लागलेली. कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि चित्रपट संपतो. ती कुणाकडे बघतेय, यावर आजही एकमत नाही. तुम्ही पाहाल तेव्हा त्या फोटोपाशी जरा थांबा, आणि तुम्हाला काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.