फळ्यावरचे बीटल्स

मंडळी, गेल्या फेब्रुवारीत आपल्या वाचनालयाच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी मी रोज एक माहिती लिहीत होतो. बीटल्स म्हणजे इंग्लंडच्या लिव्हरपूलचा चौघांचा बँड, जॉन, पॉल, जॉर्ज आणि ड्रमवर रिंगो. १९६४ साली त्या तारखेला ते अमेरिकेत काय करत होते, एवढंच. रामबागेतून सकाळी फिरून परतणारे आजोबा थांबून वाचायचे, क्लासला निघालेली मुलंही वाचायची. त्यांच्यापैकीच काहींनी धरलं, की असं तुकड्यातुकड्याने नको, एकदा बसून सगळं सांगा. म्हणून आज हा विषय.

तारखांच्या मागे मी इतका का लागतो, ते आधी सांगतो. गाजलेल्या कलावंताची गोष्ट आपण ऐकतो तेव्हा विमान उतरलं, गर्दी जमली, जग जिंकलं, असं सगळं झरझर होऊन जातं. तीच गोष्ट तारीखवार वाचली की कुणाचा घसा बसला होता, कुठे बर्फ पडला, स्टेज कसं अडलं, हे दिसायला लागतं. मला त्या मुलांचं खरं मोठेपण तिथे दिसतं.

अमेरिकेत पाय ठेवणारा पहिला बीटल जॉर्ज हॅरिसन. त्याची बहीण लुईस इलिनॉय राज्यात बेंटन नावाच्या छोट्या गावी राहायची. सप्टेंबर १९६३ मध्ये तो तिच्याकडे सुट्टीला गेला. इंग्लंडमध्ये त्याला रस्त्यावरून चालणं मुश्किल झालं होतं. इथे तो दुकानात जाऊन निवांत गिटार विकत घेऊन आला. स्थानिक बँडबरोबर वाजवलंही. कुणी ओळखलं नाही! त्यानंतर ऑक्टोबरात चौघे स्वीडनला गेले, आठवडाभर गावोगाव वाजवून ३१ तारखेला परतले, तर लंडनच्या विमानतळावर पावसात हजारो मुलंमुली उभी होती. प्रसिद्धी मिळाल्यावरचा त्यांचा पहिला परदेश दौरा म्हणायचा तर हा स्वीडनचा.

अमेरिकेत मात्र दार बंद होतं. कॅपिटॉल या तिथल्या रेकॉर्ड कंपनीने त्यांची आधीची गाणी घ्यायलाच नकार दिला होता, ती लहानसहान कंपन्यांनी काढली आणि चालली नाहीत. मग डिसेंबरात वॉशिंग्टनजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर बीटल्सबद्दलची बातमी पाहिली आणि रेडिओ स्टेशनला पत्र लिहिलं, की हे संगीत आपल्याकडे का लावत नाही? निवेदकाने एका हवाई सुंदरीकरवी लंडनहून रेकॉर्ड मागवली आणि १७ डिसेंबरला ती वाजवली. फोनवर फोन यायला लागले. जानेवारीत यायची ती रेकॉर्ड कॅपिटॉलने घाईघाईने २६ डिसेंबरलाच बाजारात आणली. १ फेब्रुवारीच्या यादीत ती पहिल्या नंबरवर होती. एका शाळकरी मुलीच्या पत्राचा एवढा परिणाम! इथे मागे बसलेल्या मुलींनी हे नीट ऐकावं.

७ फेब्रुवारीला दुपारी पॅन अमचं विमान न्यूयॉर्कला उतरलं. त्या विमानतळाला केनेडींचं नाव देऊन जेमतेम दीड महिना झाला होता. तीनेक हजार पोरं गच्चीवर ओरडत उभी. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ८ तारखेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्या दिवशी सेंट्रल पार्कमध्ये फोटो निघाले आणि त्यांत तिघेच आहेत. जॉर्ज हॉटेलात अंथरुणावर, अंगात ताप, घसा पार बसलेला. त्याची शुश्रूषा करायला बहीण लुईस आलेली. टीव्हीच्या तालमीत त्याच्या जागेवर त्यांचा सोबती नील अॅस्पिनॉल उभा राहिला. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेच्या रविवारी, जॉर्ज उठला आणि एड सलिव्हनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात वाजवायला गेला. सभागृहात खुर्च्या ७२८, अर्ज आले होते पन्नास हजारांच्या घरात. घरोघरी बघणारे ७ कोटी ३० लाख. तेव्हा आपल्या इंदुरात टीव्हीच नव्हता, त्यामुळे एकाच संध्याकाळी एवढ्या घरांत एकच गाणं चालू असणं म्हणजे काय, याची कल्पना त्या पिढीला आपल्याकडे आली नसती.

आता ११ फेब्रुवारी. माझ्या मते या दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा दिवस. न्यूयॉर्कला बर्फाचं वादळ, म्हणून विमान सोडून मंडळी आगगाडीने वॉशिंग्टनला गेली. अमेरिकेतला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम तिथल्या कोलिझियममध्ये होता. आठ हजारांवर प्रेक्षक, आणि स्टेज कुठे? मधोमध, मुष्टियुद्धाच्या रिंगणाच्या जागी. म्हणजे चारही बाजूंना माणसं आणि कुणाकडे तरी सतत पाठ. उपाय असा काढला, की काही गाणी झाली की वळायचं आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून गायचं. माइक उचलून फिरवायचे. ड्रमखालची बैठक फिरती ठेवली होती, ती ऐन वेळी अडली. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालेलं आहे, त्यात रिंगो उठून स्वतः ड्रमची बैठक रेटताना दिसतो. रेटून झालं की बसतो आणि पुढच्या गाण्याचा ठेका धरतो, आणि काय ठेका! वरून जेली बीन्स नावाच्या गोड गोळ्यांचा मारा चालू. जॉर्जला जेली बेबीज आवडतात असं छापून आलं होतं. इंग्लंडमधली ती मिठाई मऊ असते. अमेरिकेतल्या पोरांनी फेकल्या त्या टणक गोळ्या, आणि त्या चांगल्याच लागत होत्या. तरी एकानेही वाजवणं थांबवलं नाही.

हे त्यांना कसं जमलं? याचं उत्तर शोधायला साडेतीन वर्षं मागे, १९६० च्या ऑगस्टमध्ये जावं लागतं. त्यांचा अगदी पहिला परदेश प्रवास तो. १६ ऑगस्टला लिव्हरपूलहून एका व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून पाच पोरं जर्मनीतल्या हॅम्बर्गला निघाली: जॉन, पॉल, जॉर्ज, स्टुअर्ट सटक्लिफ आणि ड्रमवर तेव्हा रिंगो नाही, पीट बेस्ट. जॉर्ज सतरा वर्षांचा. राहायला जागा कुठली, तर बाम्बी नावाच्या सिनेमागृहात पडद्यामागची कोठडी, शेजारी संडास. आपल्याकडे पूर्वी नाटक कंपन्यांचे मुक्काम पडायचे, त्यांच्या बिऱ्हाडातल्या नव्या पोराची जी अवस्था असायची, तीच यांची. इंद्रा क्लबमध्ये ४८ रात्री, मग कायझरकेलरमध्ये ५८ रात्री. रोज साडेचार तास, शनिवारी सहा. ऐकायला खलाशी आणि दारू प्यायलेले लोक. गाणी संपली की तीच ताणायची, लोक उठून चालले तर त्यांना अडवायचं. २१ नोव्हेंबरला जॉर्जचं वय कमी म्हणून पोलिसांनी त्याला परत पाठवला. पण तोवर त्यांच्या हातांना सवय लागली होती, की समोर काय वाटेल ते होवो, ताल सुटू द्यायचा नाही. रिंगोही त्याच सुमारास तिथेच, दुसऱ्या एका बँडमधून वाजवत होता. वॉशिंग्टनच्या त्या अडलेल्या स्टेजवर हॅम्बर्गच कामाला आलं, असं मी ठामपणे म्हणतो.

पुढचे दिवस भराभर सांगतो. १२ तारखेला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दोन कार्यक्रम, १३ ला मायामी, १६ ला तिथल्या डोव्हिल हॉटेलातून पुन्हा सलिव्हनचा कार्यक्रम. १८ ला ते मुष्टियोद्धा कॅशियस क्लेच्या व्यायामशाळेत गेले. आठवड्याभरात तो जगज्जेता झाला आणि पुढे मुहम्मद अली. २२ ला सकाळी मंडळी लंडनला परत.

आणि २३ तारखेला अमेरिकेच्या टीव्हीवर तिसऱ्यांदा तेच चौघे गाताना दिसले! फळ्यावर हे वाचून एका वहिनींनी मला विचारलं होतं, की २२ ला घरी गेलेली माणसं २३ ला तिकडे कशी? तर तो भाग आधीच चित्रित करून ठेवला होता. कधी? ९ फेब्रुवारीच्या दुपारी, रात्रीच्या थेट कार्यक्रमाच्या काही तास आधी. म्हणजे तापातून उठलेल्या जॉर्जने त्या एका दिवसात दोन कार्यक्रम वाजवले. आणि २३ तारखेला अमेरिका ते बघत असताना चौघे लंडनजवळ टेडिंग्टनच्या स्टुडिओत पुढच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला लागलेही होते.