वर्षातून एकदा विमान, बारा महिने कार्ड

श्रोतेहो, मे महिन्याची सुट्टी जवळ आली किंवा दिवाळी तोंडावर आली, की बँकेतून एक ठरावीक फोन येतो. 'सर, तुमचं ट्रॅव्हल कार्ड प्री-अप्रूव्ह झालंय. पहिलं तिकीट फ्री, एअरपोर्टवर लाउंज फ्री.' विमानतळावर तर टाय लावलेला एखादा मुलगा फॉर्म घेऊन वाटेतच उभा असतो. ज्याचं महिन्यातून चार वेळा दिल्लीला जाणं होतं, त्याच्याविषयी मी आज बोलत नाहीये. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, सुट्टीसाठी किंवा लेकीकडे म्हणून विमानात बसणाऱ्या घराने विमान कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड घ्यावं का, एवढाच आजचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांचा कुकर गॅसवर आहे त्यांना उठता येईल. बहुतेक घरांनी घेऊ नये. काही घरांनी जरूर घ्यावं, पण ती घरं थोडी आहेत.

या कार्डाचा सल्ला आपल्याकडे पुष्कळदा अमेरिकेतून येतो. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, 'मामा, आमच्याकडे सगळ्यांकडे एअरलाइन कार्ड असतं.' त्याचं खरं आहे. तिथे देशांतर्गत प्रवासात चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे पडतात, एका बॅगेला साधारण ३५-४० डॉलर. साउथवेस्ट ही कंपनी बॅगा फुकट नेण्यासाठी ओळखली जायची, तिनेही मे २०२५ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली. तिथल्या अनेक कार्डांवर कार्डधारकाची आणि त्याच तिकिटावरच्या घरच्यांची पहिली बॅग माफ असते. चौघं जाऊन आले की आठ बॅगांचे तीनेकशे डॉलर वाचतात आणि शंभर-दीडशे डॉलरची वार्षिक फी एका सहलीत वसूल होते. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात बहुतेक साध्या भाड्यांतच १५ किलोची चेक-इन बॅग धरलेली असते. म्हणजे भाच्याच्या कार्डाचा जो सगळ्यात मोठा फायदा, तो इथे मुळात विकत घ्यावाच लागत नाही.

मग आपल्या हातात काय राहतं? पॉइंट, म्हणजे कार्डावरच्या खर्चावर जमणारे आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण. हे पॉइंट बँक विमान कंपनीकडून पैसे मोजून घेते आणि तुम्हाला देते. हा धंदा केवढा मोठा आहे पाहा. डेल्टा या अमेरिकी कंपनीला २०२४ या एका वर्षात अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीकडून सात अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आणली, तेव्हा युनायटेड या दुसऱ्या अमेरिकी विमान कंपनीने कर्ज उभारायला आपली पॉइंटची योजना तारण ठेवली. तेव्हा पॉइंट देण्यात औदार्य वगैरे शोधायला जाऊ नका. खानावळवाल्याने छापलेल्या कुपनांसारखा हा प्रकार आहे. कुपनं त्याची, आणि उद्यापासून एका ताटाला दोन कुपनं लागतील हे ठरवणाराही तोच.

आता हिशेब करू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पुण्यात कोथरूडला राहणारं एक निवृत्त जोडपं डोळ्यांसमोर आणा. लेक बेंगळुरूला. वर्षातून एकदा तिच्याकडे विमानाने जाणं-येणं. कार्डाची वार्षिक फी समजा २,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४५० रुपये. झाले २,९५०. जाहिरातीत हे ४५० सहसा दिसत नाहीत, स्टेटमेंटमध्ये दिसतात. घरखर्च कार्डावर महिना २५,००० धरला तर वर्षाचे तीन लाख. पण सगळ्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत. पेट्रोल, विम्याचा हप्ता, वीजबिल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, यांतलं काही ना काही जवळजवळ प्रत्येक बँक वगळते किंवा त्यावर मर्यादा घालते. असे ८०,००० बाजूला काढू. राहिले २,२०,०००. शंभराला दोन पॉइंट, म्हणजे वर्षाचे ४,४०० पॉइंट.

एका पॉइंटची किंमत किती, हे बँकेला विचारू नका, स्वतः काढा. तुम्हाला जायचंय त्याच तारखेचं, त्याच विमानाचं भाडं पैशात किती ते पाहा. समजा ५,२००. मग तेच तिकीट पॉइंटवर किती ते पाहा. समजा ८,००० पॉइंट आणि वर करापोटी १,२०० रुपये. हो, 'फ्री' तिकिटावरही कर आणि विमानतळाचे आकार बहुतेक वेळा भरावेच लागतात. वाचले ४,००० रुपये, गेले ८,००० पॉइंट. एक पॉइंट पन्नास पैशांना पडला. आपल्या जोडप्याचे ४,४०० पॉइंट म्हणजे २,२०० रुपये, आणि फी दिली २,९५०.

समोर बिनफीचं साधं कार्ड ठेवा, खर्चावर एक टक्का परत देणारं. त्याच २,२०,००० वर तेही २,२०० रुपयेच देतं. ते बिलातून थेट वजा होतात आणि त्यातून दूधही आणता येतं.

आणखी एक पाहा. दोघांनी जाऊन परत यायचं तर चार तिकिटं, ३२,००० पॉइंट. वर्षाला ४,४०० च्या चालीने सात वर्षं लागतील. प्रवासावर मिळणारे थोडे पॉइंट धरले तर सहा म्हणा. मध्येच जुने पॉइंट मुदत संपून जाणार ते वेगळंच.

बँकेची बाजूही सांगतो. पहिल्या वर्षी स्वागताचं तिकीट मिळतं. मूळ भाड्याचे तीन-साडेतीन हजार त्यात वाचले, तर पहिलं वर्ष फायद्यात जातं. ते तसं जावं अशीच रचना असते. घोडं अडतं दुसऱ्या वर्षी. फी आपोआप कापली जाते आणि कार्ड कपाटात पडून असतं. त्या तिकिटाची मुदतही बघून घ्या. सहा महिन्यांची असेल आणि कार्ड जुलैत घेतलं असेल, तर पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत ते रद्दी झालेलं असेल.

आणि सहा-सात वर्षं म्हणजे आपल्या देशातल्या विमान कंपन्यांच्या मानाने फार मोठा काळ. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटचे पॉइंट नाव बदलून जिवंत राहिले, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते साठवले होते ते विमानच राहिलं नाही. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण विस्ताराच्या नावाची जी कार्डं अनेक बँकांनी दिली होती, त्यांच्यावरची तिकिटांची व्हाउचर बंद होत गेली. ज्यांनी तिकीट मिळवण्यासाठी म्हणून वर्षभर ठरवून खर्च केला होता, त्यांचा विचार करा.

आता लाउंज, म्हणजे विमानतळावरची आरामात बसायची आणि चहा-नाश्त्याची खोली. काउंटरवरचं दृश्य कधी पाहिलंय? वडील ऐटीत कार्ड पुढे करतात. मशीनवर दोन रुपयांचा व्यवहार होतो. मग मुलगी नम्रपणे सांगते, 'सर, या कार्डवर एकच प्रवेश आहे.' मागे आई, दोन मुलं आणि खाऊची पिशवी. शेवटी चौघंही बाहेरच्या खुर्च्यांवर बसून घरचे पराठे खातात, आणि खरं सांगायचं तर ते आतल्या उपम्यापेक्षा बरे असतात. शिवाय हल्ली अनेक बँकांनी अट घातली आहे, की आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच लाउंज. म्हणजे मे महिन्यात आत बसायचं तर जानेवारी ते मार्च खर्चाचा आकडा गाठायला हवा. चहा-नाश्त्यासाठी कोणी एवढं नियोजन करावं असं मला वाटत नाही. करणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार.

आपल्या मराठी माणसाची आणखी एक गोष्ट. लांबची सहल आपण पुष्कळदा टूर कंपनीबरोबर करतो. तिकीट तीच काढते, ग्रुपच्या भाड्यात. अशा भाड्यावर विमान कंपनीचे पॉइंट बहुधा मिळत नाहीत, आणि तुम्ही टूर कंपनीला दिलेले पैसे विमानाच्या तिकिटावरचा खर्च म्हणून धरले जात नाहीत. तिकिटांवर जादा पॉइंट देणारं कार्ड तिथे काही कामाचं नसतं. सहल परदेशातली असेल तर वेगळाच आकडा बघायला हवा. परदेशात कार्ड वापरलं की बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के जादा आकार लागतो. त्यावर जीएसटी धरून एक लाखाच्या खरेदीला ४,१३० रुपये. हा आकार न लावणारी कार्डंही मिळतात. सिंगापूर-व्हिएतनामला जाणाऱ्याने चौकशी करायचीच तर त्यांची करावी.

व्याजाचं थोडक्यात सांगतो, पण हे सगळ्यात महत्त्वाचं. चौघांची तिकिटं ६०,००० रुपयांची काढली, जादा पॉइंटांतून समजा चार टक्के सुटले, म्हणजे २,४०० रुपये. बिल आल्यावर मात्र 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, तेवढी भरली. महिना साडेतीन टक्क्यांनी पूर्ण रकमेवर व्याज २,१००, वर जीएसटी ३७८. एका महिन्यात पॉइंटांचा फायदा संपला, आणि पुढच्या महिन्याचं व्याज चालूच. नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. बिल दर महिन्याला पुरतं भरलं जात नसेल, त्या घराने कुठल्याच पॉइंटच्या नादी लागू नये.

मग घ्यावं कोणी? ज्यांच्या जवळच्या विमानतळावरून त्यांच्या ठिकाणाला एकाच कंपनीचं विमान जातं, त्यांनी विचार करायला हरकत नाही. निवड करायला वाव नसेल तर निष्ठेपायी काही गमवावं लागत नाही. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे आणि हॉल, दागिने, कपडे यांचे सात-आठ लाख नाहीतरी जाणार आहेत, पैसे खात्यात तयार आहेत, त्यांनी ठरावीक खर्चावर तिकीट देणारं कार्ड त्या एका वर्षापुरतं घ्यावं. हॉलवाला कार्डाला वर दोन टक्के मागतो का, तेवढं आधी विचारून घ्यावं. बाकीच्यांनी ज्या दिवशी ज्या कंपनीचं भाडं कमी आणि वेळ सोयीची, तिचं तिकीट काढावं. पहाटे चारचं विमान केवळ आपल्या कार्डाच्या कंपनीचं म्हणून पकडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं टॅक्सीचं भाडंच पॉइंटांपेक्षा जास्त होतं.

घ्यायचं ठरलंच, तर अर्जाबरोबर मिळणारं एक पानाचं माहितीपत्रक मागा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्याजाचा दर आणि आकार त्यात एका पानावर द्यावे लागतात. तोंडी 'लाइफटाइम फ्री' म्हटलेलं त्या पानावर शोधा.

आणि आधीच घेतलं असेल तर फी कापली जाण्याच्या महिनाभर आधी बँकेला फोन करा. 'फी माफ करणार असाल तर ठेवतो' एवढं म्हटलं तरी कित्येकदा काम होतं. नाही झालं तर पॉइंट आधी वापरा, त्या कार्डावरून जाणारी वीज-मोबाइलची बिलं दुसरीकडे वळवा, बाकी पूर्ण फेडा आणि बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, ईमेलने चालेल. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ती तुम्हाला देणं लागते. नुसतं कात्रीने कापलं म्हणून कार्ड बंद होत नाही. अर्जाची पोच जपून ठेवा. नमस्कार.