बॅटरीचं वय

(दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग, दहावा मैल. भर दुपार. रस्त्याच्या कडेला थांबलेली पांढरी सेडान.)

2024 चा मे महिना. पिंपळगाव बसवंतहून नाशिकला येताना, दहाव्या मैलाच्या थोडं अलीकडे, मामाच्या गाडीच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला. आत उद्गारचिन्ह. गाडी बंद पडली नाही, पण तिचा जोर गेला. मागच्या सीटच्या कडेने पंख्याचा घरघराट सुरू झाला. मामाने गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला.

"पोरी, गाडी चालतीय, पण हिच्यात जीव नाही."

2016 सालची हायब्रिड सेडान, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. मामाने 2021 मध्ये मुंबईच्या एका मालकाकडून जुनी घेतलेली. द्राक्षाच्या हंगामात दिवसाला चार चकरा व्हायच्या, पेट्रोल कमी लागायचं, म्हणून तिच्यावर त्याचा भारी जीव. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून निरोप आला : हायब्रिड बॅटरी गेली, पूर्ण पॅक बदलावा लागेल. अंदाजपत्रकातला आकडा लाखांत होता. तेवढ्याला मामाच्या ओळखीत एक चांगली जुनी पिकअप मिळत होती. त्या रात्री मामा जेवला नाही.

त्याच्याबरोबर पुढचे आठ-नऊ महिने मी या एकाच प्रश्नामागे फिरले. ज्यांच्या दारात आज नवी कोरी हायब्रिड उभी आहे, त्यांनी हे आत्ताच ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : अंबड औद्योगिक वसाहतीतलं गॅरेज. मागची सीट काढलेली. राखाडी धातूचा पॅक, नारिंगी केबल.)

आधी ही बॅटरी आहे काय ते पाहू. मामाच्या गाडीत निकेल मेटल हायड्राइडची 34 मॉड्यूल एकामागोमाग जोडलेली होती. प्रत्येक मॉड्यूल 7.2 व्होल्टचं, आत सहा सेल. सगळी मिळून 244.8 व्होल्ट. त्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. अंबडच्या कारागिराने रबरी हातमोजे घातले, सर्व्हिस प्लग ओढून काढला आणि पुढची दहा मिनिटं नुसता बसून राहिला. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो. ज्या गॅरेजमध्ये ही दहा मिनिटं कोणी थांबत नाही, तिथून गाडी परत आणा.

ही बॅटरी आपल्या मोबाईलसारखी शंभर टक्के भरत नाही आणि शून्यावरही येत नाही. गाडीचा संगणक तिला साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधेच खेळवतो, म्हणून ती इतकी वर्षं टिकते. ब्रेक दाबला की मोटर जनित्र होते आणि चाकांची ताकद बॅटरीत जाते. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरायला लागलं की हे डोळ्यांनी दिसतं : पडद्यावरच्या पट्ट्या एकेक करून भरत जातात. अर्ध्या घाटात बॅटरी तिच्या मर्यादेला पोचते, आणखी वीज घेणं बंद करते, मग गाडी इंजिनाच्या जोरावर वेग आवरते. पाय अॅक्सिलरेटरवर नसताना इंजिन एकदम ओरडायला लागतं. पहिल्यांदा हे ऐकून मामाने घाटातच गाडी थांबवली होती. तो बिघाड नाही, गाडी तशीच बनवलेली आहे.

आता मामाचा बिघाड. स्कॅनरवर कोड आला पी-झिरो-ए-ऐंशी. त्याचा सरळ अर्थ 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असा छापलेला असतो, आणि बरेच लोक तिथेच थांबतात. अंबडचा कारागीर थांबला नाही. दोन-दोन मॉड्यूल मिळून एक ब्लॉक, असे 17 ब्लॉक. त्याने गाडीवर भार टाकला आणि सतरांचे आकडे मामाला दाखवले. सोळा ब्लॉक जवळजवळ एका रेषेत खाली-वर होत होते. एक एकटाच व्होल्टभराहून जास्त खाली जायचा. एक सेल साधारण 1.2 व्होल्टचा. म्हणजे 204 सेलच्या त्या माळेत एक मणी फुटला होता.

"काका, साखळी आहे ही. एक कडी गेली की सगळी ओढ थांबते."

आणि कडी का गेली, तेही सापडलं. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते. गाडीच्या आतली थंड हवा तिथून आत घेऊन पंखा बॅटरी गार ठेवतो. त्या पंख्यात बोटभर जाड थर होता : बागेतली माती आणि कुत्र्याचे केस. मामाचा मोत्या रोज मागच्या सीटवर बसून बागेत जातो. एप्रिल छाटणीच्या दिवसांत, उन्हाचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, बॅटरीला श्वास मिळत नव्हता. आपली गाडी अशी हवेवर गार होणारी असेल, तर ती जाळी कुठे आहे ते आजच शोधा आणि तिच्यावर पिशव्या, गोधड्या टाकू नका.

पंखा साफ झाला. मेलेला सेल अर्थातच जिवंत झाला नाही.

(दृश्य : वॉरंटी पुस्तिकेची पानं. ओळींवरून सरकणारं बोट.)

मग निघाली वॉरंटीची पुस्तिका. ती मामाने तोवर उघडलीच नव्हती.

माझा अमेरिकेतला मामेभाऊ फोनवर ठामपणे सांगत होता : "बाबांना सांग, दहा वर्षं वॉरंटी असते." तो चूक नव्हता, पण बोलत होता तिथलं. कॅलिफोर्नियात ठराविक प्रमाणपत्र मिळालेल्या कमी धुराच्या हायब्रिडमध्ये बॅटरी ही प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेचा भाग धरली गेली, म्हणून तिला 10 वर्षं किंवा 1,50,000 मैलांचं संरक्षण आलं. पुढे टोयोटाने 2020 च्या मॉडेलपासून ती मुदत अख्ख्या अमेरिकेत दिली. 1,50,000 मैल म्हणजे जवळपास 2,41,000 किलोमीटर. ती पुस्तिका त्या देशाची. नाशिकमध्ये नोंदलेल्या गाडीला इथली पुस्तिका लागू.

आपल्याकडे हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, होंडा सिटी या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड (नुसत्या विजेवरही चालू शकणाऱ्या) प्रकारांत बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर अशी वॉरंटी दिली जाते. जे आधी पूर्ण होईल ते. या पाच शब्दांवर सगळं अडतं. कॉलेज रोडला राहून रोज तीसेक किलोमीटर फिरणाऱ्याची आठ वर्षं आधी संपतील, मीटर लाखाच्याही आत असेल. पण आठवड्यातून दोनदा नाशिक-मुंबई-नाशिक करणारा माणूस वर्षाला चौतीस-पस्तीस हजार किलोमीटर तोडतो. त्याची वॉरंटी पाच वर्षं पुरी व्हायच्या आतच संपते, आणि त्याच्या डोक्यात मात्र 'आठ वर्षं' हेच बसलेलं असतं.

मामाचं तेच झालं. मुंबईच्या मालकाने गाडी दामटून चालवलेली. त्रिकोण पेटला तेव्हा मीटर 1,78,000 वर होतं आणि पुस्तिकेतली किलोमीटरची अट कधीच मागे पडली होती.

घड्याळ सुरू होतं पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवशी. दुसऱ्याने जुनी घेतली म्हणून ते पुन्हा शून्यावर येत नाही. वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली तरी नव्या पॅकला बहुतेक वेळा मूळ मुदतीतला उरलेला काळच मिळतो. आणखी एक ओळ बारकाईने वाचा : वापराने हळूहळू कमी होणारी क्षमता अनेक पुस्तिकांमध्ये दोष मानलेली नसते. तेव्हा 'अॅव्हरेज कमी झालं' एवढ्या तक्रारीवर बॅटरी मिळणार नाही. दोषाचा कोड, सर्व्हिसच्या नोंदी, तारखा हे सगळं कागदावर लागतं. बाहेरून दिवे किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना मूळ वायर कापली असेल, तर तेही अंगाशी येऊ शकतं.

डॅशबोर्ड उजळलाच नाही, गाडी 'रेडी' होत नाही, एवढ्यावरून मोठी बॅटरी गेली असं समजू नका. हायब्रिडमध्येही नेहमीची छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तरी गाडी जागी होत नाही. तिची किंमत काही हजारांत असते आणि तिला आठ वर्षांची वॉरंटी नसते.

(दृश्य : गोदाघाट, पावसाळा. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी.)

पाण्याचं वेगळं सांगते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज बांधतो, आणि तरीही दर पावसाळ्यात कोणीतरी घाटावर गाडी लावून जातो. पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तो विमा कंपनीचा प्रांत. तिथेही साध्या पॉलिसीत बॅटरीवर 50 टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं कलम) आणि हायब्रिड बॅटरीचं वेगळं संरक्षण घेतलं आहे का, हे मृग लागायच्या आधी एजंटला विचारून घ्या.

वॉरंटी चालू असताना, सगळे कागद असताना कोणी नाकारलं, तर नकार लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी लागते. तोंडी नकार घेऊन घरी बसलेली माणसं मला या काळात भेटली. त्यांचा दिवसेंदिवस वाया जाणारा काळ पाहून वाईट वाटतं.

(दृश्य : पुन्हा अंबड. टेबलावर ओळीने मांडलेली मॉड्यूल.)

मामासमोर आता वाटा होत्या. कंपनीचा नवा पॅक : महाग, पण नवा आणि वॉरंटीसह. भंगारात निघालेल्या गाडीतला जुना पॅक : स्वस्त, पण त्या गाडीला अपघात झालेला की ती पुरात बुडालेली, कोण सांगणार? मला हा सौदा अजिबात पटला नाही. आणि तिसरी वाट, दुरुस्त पॅक. मेलेलं मॉड्यूल काढून दुसरं घालायचं, गंजलेल्या तांब्याच्या पट्ट्या घासायच्या, सगळ्यांना एका पातळीवर चार्ज करायचं.

मामाने तिसरी निवडली. मी त्याला अडवलं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय. खर्च नव्या पॅकपेक्षा कितीतरी कमी आला. बोली एक वर्षाची, पण कागद नाही. "आपलाच माणूस आहे," मामा म्हणाला. कारागीर खरंच प्रामाणिक होता. पण आठ वर्षं एकाच उन्हात तापलेल्या 34 मॉड्यूलपैकी एक मेलं, तर बाकीची तरुण कशी असतील? त्यात बाहेरून आणलेल्या मॉड्यूलची क्षमता शेजाऱ्यांशी तंतोतंत जुळली नाही, तर कमकुवत मॉड्यूल दर खेपेला आधी रिकामं होतं आणि आधी झिजतं. जानेवारीत, आठ महिन्यांनी, त्रिकोण परत पेटला. आता दुसरा ब्लॉक.

कारागिराने हात जोडले. "काका, हा बदलून देतो, पैसे नको. पण तिसरा कधी जाईल ते मी सांगू शकत नाही." एवढं खरं बोलणारा माणूस मला या सगळ्या धावपळीत दुसरा भेटला नाही. गाडी वर्षभरात विकायचीच असेल आणि घेणाऱ्याला सगळं सांगणार असाल, तर दुरुस्त पॅक चालेल. पाच वर्षं वापरायची असेल, तर मी नव्याच्याच बाजूने बोलेन.

द्राक्षाचे पैसे आले आणि मार्चमध्ये मामाने नवा पॅक बसवला. या वेळी बिलावर पॅकचा अनुक्रमांक, तारीख, वॉरंटीचे महिने आणि बसवणाऱ्याची सही, सगळं मागून घेतलं. जुना पॅक भंगारवाल्याला दिला नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे आणि त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या सोपवण्याची आपल्यावर. पॅक परत गेला, त्याची पावतीही मामाकडे आहे.

(दृश्य : जुन्या गाड्यांचा बाजार. काचेवर 'हायब्रिड' लिहिलेली गाडी.)

जुनी हायब्रिड घेणाऱ्यांनी आधी विचारावं, कुठली हायब्रिड? 2015 पासून 'स्मार्ट हायब्रिड' नावाने आलेल्या गाड्यांत छोटी मदतनीस यंत्रणा असते. ती गाडी नुसत्या विजेवर चालत नाही, आणि स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीची वॉरंटी तिच्यावर धरून चालू नका. स्ट्राँग असेल तर पहिल्या विक्रीची तारीख, सर्व्हिसच्या नोंदींमधले किलोमीटर आणि भार टाकून घेतलेले ब्लॉकचे आकडे, एवढं हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका. हायरायडर आणि ग्रँड विटारा 2022 मध्ये आल्या. त्यांतल्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षं 2030 मध्ये भरतील, आणि त्याच्या थोडं आधी त्या बाजारात भराभर विक्रीला आलेल्या दिसतील.

(दृश्य : कसारा घाट, सकाळ. चालत्या गाडीतून. मागच्या सीटवर मोत्या, जाळीवर काहीही ठेवलेलं नाही.)

एप्रिलमध्ये मामाबरोबर मुंबईला निघाले. इगतपुरी मागे पडली, उतार लागला. पडद्यावरच्या पट्ट्या भरत गेल्या. तिसऱ्या वळणानंतर इंजिन एकदम ओरडलं. मी दचकून मामाकडे पाहिलं.

मामाचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"भरली," तो म्हणाला.