फेअरबँक्स घर: ओकच्या लाकडाची साक्ष

आढ्याची ही रेष पाहा. मधोमध खाली बसली आहे. लाकूड वाकलं, पण मोडलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावातलं हे फेअरबँक्स घर. उत्तर अमेरिकेत आजही उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांमध्ये सर्वांत जुनं म्हणून ते ओळखलं जातं.

जॉनथन फेअरबँक्स १६३३मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशरहून अमेरिकेत आला. सोबत पत्नी ग्रेस आणि मुलं. डेडहॅम १६३६च्या सुमारास वसू लागलं, तेव्हा हे कुटुंब इथं आलं, आणि हे घर त्यांच्यासाठीच बांधलं गेलं. ज्यांची ही भूमी होती, त्या मूळ रहिवाशांना मात्र ती सोडावी लागली.

आता आत चला. खोलीच्या छताखालून आडवी गेलेली ही जाड तुळई. तिच्यावर कुऱ्हाडीचे घाव अजून बोटांना लागतात. ओकचे खांब आणि तुळया जमिनीवरच जुळवायच्या, एकाच्या टोकाला कुसू काढायचा, दुसऱ्यात तेवढंच भोक पाडायचं, मग लाकडी खुंटी ठोकायची. सांध्यात खिळा नाही. जुळलेली चौकट माणसांनी मिळून उभी करायची, आणि मग बाहेरून फळ्या मारायच्या. हे कसब इंग्लंडच्या सुतारकामातून आलं. लाकूड मात्र इथल्या जंगलाचं, भरपूर आणि भक्कम. घराचं वय ठरवलं तेही त्याच लाकडानं: झाडात दर वर्षी एक वाढणारी वलयं मोजली, आणि झाडं १६३७ ते १६४१च्या दरम्यान तोडल्याचं निघालं.

मधोमध विटांचं धुरांडं. त्याच्या दोन्ही अंगांना खाली एकेक खोली, वर एकेक. पुढच्या पिढ्यांनी जुनं पाडून नवं बांधलं नाही, जोडत नेलं. मागं ही उतरत्या छपराची पडवी. दोन्ही बाजूंना दुहेरी उताराच्या छपरांचे हे भाग, ते बऱ्याच नंतरचे. कुठं काय जोडलं, ते छपरांच्या सांध्यांवरून बाहेरूनच वाचता येतं. म्हणून तर या घराला नव्यासारखं चकचकीत करू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आठ पिढ्या इथं राहिल्या. १८०१मध्ये याच घरातल्या जेसन फेअरबँक्सला खुनाच्या आरोपाखाली फाशी झाली. शेवटी राहिली रेबेका फेअरबँक्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीही बाहेर पडली, आणि घर कुटुंबाच्याच संस्थेकडे आलं. आज ते संग्रहालय म्हणून चालवलं जातं. १९६०पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.